पत्र्यावरची फिल्म, खोक्यावरची टेप आणि कळंबोलीची हवा

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून स्टेनलेस स्टीलचा पत्रा उचलणाऱ्या फॅब्रिकेटर मंडळींना ही तक्रार पाठ असते. पत्र्यावरची संरक्षक फिल्म अखंड निघत नाही, तिच्या चिंध्या होतात, आणि निघालीच तर मागे चिकट पट्टे ठेवून जाते. मग व्यापारी फिल्म बनवणाऱ्याला बोल लावतो आणि फिल्म बनवणारा व्यापाऱ्याच्या साठवणुकीला. अशा तक्रारींमध्ये मी पहिला प्रश्न विचारतो तो एवढाच, की ही थप्पी गेले काही महिने कुठे उभी होती? शेडच्या आत की कडेला? दुपारचं ऊन कोणत्या बाजूने येतं? वरची ताडपत्री कशी बांधली होती? उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

चिकट थर कारखान्यात तयार होतो आणि मग जसाच्या तसा राहतो, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो शेवटपर्यंत हवेशी देवाणघेवाण करत असतो. उष्णता त्याला पसरवते, पाणी त्याला मऊ करतं, ऊन त्याच्या साखळ्या तोडतं. हे कळलं की गोंद बदलण्यावर होणारा बराचसा खर्च वाचतो आणि तो पैसा सावली, वारा आणि एका छोट्या मापकावर घालता येतो.

सगळ्या चिकट थरांचं मूळ एकच: पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या. त्यांचे दोन गट मात्र वेगळे ओळखायला हवेत. टेप, लेबल आणि पत्र्यावरची फिल्म यांचा थर कायम मऊ असतो. तो कधी वाळत नाही, दाब दिला की चिकटतो. थ्री-एम कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी या मऊपणाची मर्यादा आकड्यात मांडली. थराची ताठरता साधारण तीन लाख पास्कलच्या खाली असेल तरच तो हलक्या दाबाने चिकटतो, त्याहून कडक झाला तर नाही. दुसरा गट फेविकॉल, रबर सोल्युशन, इपॉक्सी आणि सिलिकॉनचा. हे ओले लावायचे आणि मग घट्ट होऊ द्यायचे. पहिल्या गटावर हवा महिनोन्‌महिने काम करते. दुसऱ्या गटाचं भवितव्य बरंचसं पहिल्या काही तासांतच ठरतं.

आता कळंबोलीची हवा. खाडीलगतचा सखल भाग, त्यावर सिडकोने वसवलेला नोड, एका बाजूला तळोजा औद्योगिक वसाहत, दुसरीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं तोंड आणि बंदराकडे जाणारा कंटेनरचा रस्ता. बाजारातले गाळे बहुतेक पत्र्याच्या छपराचे. मे महिन्यात उघड्यावर पडलेल्या पत्र्यावर हात ठेववत नाही, त्याचं तापमान ६० अंशांच्या आसपास जातं. जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते. आणि डिसेंबर-जानेवारीत दुपारी हवा कोरडी, पहाटे दमट. वर्षभरात तीन वेगळ्या हवा, आणि माल तोच.

पत्र्यावरची फिल्म

ही फिल्म म्हणजे बहुधा पॉलिथिलीनचा पातळ पापुद्रा आणि त्याच्या एका अंगाला चिकट थर. बाजारात तिला सर्रास पीव्हीसी म्हणतात, मग ती प्रत्यक्षात कशाचीही असो. चिकट थर दोन प्रकारचा मिळतो, नैसर्गिक रबराचा आणि अॅक्रिलिकचा. रबराचा थर चटकन धरतो आणि पत्रा वाकवताना किंवा दाबताना साथ सोडत नाही, म्हणून फॅब्रिकेटरला तो आवडतो. पण रबराच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात, आणि ऊन, उष्णता व ऑक्सिजन नेमके तिथे घाव घालतात. साखळ्या तुटल्या की थर पातळ आणि चिकचिकीत होतो. हाच प्रकार आणखी पुढे गेला की तो कडक आणि ठिसूळ होतो. अॅक्रिलिकमध्ये हे दुहेरी बंध नसल्यामुळे तो उन्हात जास्त टिकतो.

ऊन अजिबात न लागताही एक बदल होतच असतो. भिंगाखाली पाहिलं तर ब्रश फिनिशच्या पत्र्यावर एकाच दिशेच्या बारीक चरा दिसतात. फिल्म नवीन असते तेव्हा चिकट थर या चरांच्या माथ्यांवरच टेकलेला असतो, तळाशी हवा राहते. आठवडे जातात, तापमान चढतं, तसा तो मऊ थर हळूहळू तळापर्यंत उतरतो. स्पर्शाचं क्षेत्र वाढतं आणि फिल्म ओढायला लागणारं बळही वाढतं. थप्पीत खालच्या पत्र्यांवर वरचा भार असतो, म्हणून तिथे हे आणखी लवकर घडतं. एकाच लॉटमधल्या वरच्या पत्र्याची फिल्म सहज निघते आणि खालच्याची फाटते, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. लॉट खराब होता असं लगेच ठरवू नका. मिरर फिनिशच्या गुळगुळीत पत्र्याला पहिल्या दिवसापासूनच जवळजवळ पूर्ण स्पर्श मिळतो, म्हणून त्याला कमी चिकट फिल्म लागते. ब्रश फिनिशची जादा चिकट फिल्म मिररवर लावली तर ती काढताना हाल होणार हे ठरलेलंच.

म्हणून खरेदी करतानाच तीन गोष्टी विचारा: थर रबराचा की अॅक्रिलिकचा, फिल्म कोणत्या फिनिशसाठी आहे, आणि उन्हात किती काळ चालेल असं बनवणारा लिहून देतो. पारदर्शक किंवा फिकट निळी फिल्म बहुधा आतल्या साठवणुकीसाठी असते. बाहेरून पांढरी, आतून काळी फिल्म ऊन जास्त अडवते. साइटवर पत्रा महिनाभर उघडा राहणार असेल तर ही दुसरी घ्या, किंमत जास्त पडली तरी. लेझर कटिंगला पाठवायचा पत्रा असेल तर लेझरसाठीचीच फिल्म मागा, कारण साधी फिल्म कापताना फुगून उचलली जाते.

साठवताना आल्या तारखेची खडूने खूण करा आणि जुना माल आधी उचला. बहुतेक फिल्म सहा महिन्यांच्या आत काढलेली बरी. उभ्या रॅकमध्ये शेडच्या तोंडाशी असलेला पत्रा रोज दुपारी दोन तास तळतो आणि आतला सावलीत असतो. त्यामुळे तोंडाजवळ लवकर जाणारा माल ठेवा. माथाडी कामगारांना एकदा कारण समजावून सांगितलं की ते ही मांडणी स्वतःहून सांभाळतात. फक्त हुकूम सोडला तर आठवड्यात सगळं पहिल्यासारखं होतं.

पावसाळ्यात ताडपत्री पत्र्याला घट्ट लपेटण्याची सवय सोडा. जाड कॉइल रात्री थंड होते आणि सकाळी हवा तापू लागली तरी ती बराच वेळ गारच राहते. दमट हवा तिला टेकली की पाणी सुटतं, आणि लपेटलेल्या ताडपत्रीतून ते बाहेर पडू शकत नाही. फिल्मच्या कडेतून ते आत शिरतं, चिकट थर कडेपासून सुटू लागतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या थप्पीत हेच पाणी अडकलं तर पांढरा गंज धरतो. खाली लाकडी ओंडके, वर ताडपत्री आणि दोन्हींच्या मध्ये वाऱ्याला वाट, एवढी सोय हवीच.

फिल्म काढताना पत्रा सावलीत आणा, निवू द्या. तापलेल्या पत्र्यावर चिकट थर स्वतःतच फाटतो, अर्धा फिल्मबरोबर येतो आणि अर्धा पत्र्यावर राहतो. कोपरा उचलून फिल्म उलटी दुमडून, पत्र्यालगत ठेवून, एका गतीने ओढा. हिसका मारू नका. डाग राहिलाच तर रबराच्या थरासाठी मिनरल टर्पेंटाइन, अॅक्रिलिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घ्या, थोडा वेळ टेकवून ठेवा, मग पुसा. जवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल तर ही कामं तिथे करू नका. लोखंडी तारेच्या घासणीने किंवा साध्या लोखंडी ब्रशने स्टेनलेस कधीच घासू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढे तिथेच गंजाचे ठिपके येतात. संडास-बाथरूमचं अॅसिडही लावू नका.

खोक्याची टेप

बंदराकडे जाणाऱ्या मालाच्या पॅकिंगमध्ये जुलैत टेप उठते आणि लोक तिसरा-चौथा पट्टा मारतात. पट्टे वाढवून फारसं साधत नाही, कारण अनेकदा टेप नव्हे, पुठ्ठाच ओला असतो. पन्हाळी पुठ्ठा हवेतलं पाणी पितो. ९० टक्के आर्द्रतेत खोक्याची भार पेलण्याची ताकद ५० टक्क्यांच्या मानाने जवळपास निम्म्यावर येते. अशा ओलसर पुठ्ठ्याचे वरचे तंतू टेपबरोबर सोलून निघतात. म्हणून खोकी जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवू नका, आणि गठ्ठा आदल्या रात्री फोडून ठेवू नका.

टेप निवडताना हॉटमेल्ट आणि अॅक्रिलिक यातला फरक लक्षात घ्या. हॉटमेल्टच्या थरात स्टायरिनच्या कडक गाठी रबरी साखळ्यांना धरून ठेवतात. ती पटकन पकडते, ओबडधोबड पुठ्ठ्यावरही. पण कंटेनर उन्हात उभा राहिला आणि आतली हवा ५५-६० अंशांवर गेली, की त्या गाठी सैल पडतात आणि ताणाखाली टेप इंच-इंच सरकते. अॅक्रिलिक टेप सुरुवातीला सावकाश धरते, पुढे उष्णता आणि प्रकाश चांगला सोसते. तिची कमजोरी पाणी. ती पाण्यात पसरवलेल्या कणांपासून बनलेली असते, त्यात कण वेगळे ठेवणारं साबणासारखं द्रव्य उरतं, आणि दमट हवेत ते पृष्ठभागाकडे येऊन पकड कमी करतं. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात लवकर पोचणाऱ्या मालाला हॉटमेल्ट, उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला किंवा महिनोन्‌महिने गोडाऊनमध्ये राहणाऱ्या मालाला अॅक्रिलिक. दोन्हींत टेप लावल्यावर तळहाताने दाबून चोळणं हे काम वगळू नका. थर पुठ्ठ्याच्या खाचांमध्ये उतरायला दाब आणि वेळ दोन्ही लागतात, पूर्ण पकड यायला एक दिवसही जातो.

वाळणारा गोंद

सुतारकामाचा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे कण. डब्यातला जवळपास निम्मा माल पाणीच. पाणी लाकडात आणि हवेत जातं, कण जवळ येतात, आणि बुंदीच्या कळ्या दाबून लाडू वळावा तसे एकमेकांना चिकटतात. त्यानंतर कणांमधल्या साखळ्या सीमा ओलांडून एकमेकांत शिरतात, कण वेगळे ओळखू येत नाहीत आणि थर पारदर्शक होतो. ही शेवटची पायरी पुरी झाली तरच जोड मजबूत. तापमान फार कमी असेल तर कण दबतच नाहीत, थर पांढरा आणि भुकटीसारखा राहतो. कळंबोलीत हा धोका फारसा नाही, पण तुमचं काम निफाड किंवा महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे चालू असेल तर ऊन वर येईपर्यंत गोंद लावू नका.

आपल्याकडची अडचण उलट आहे: पाणी जातच नाही. लाकडातला ओलावा हवेप्रमाणे बदलतो. ६५ टक्के आर्द्रतेत तो सुमारे १२ टक्के, ८० टक्क्यांत १५-१६, ९० टक्क्यांत २० च्या आसपास जातो. आधीच तृप्त झालेलं लाकूड गोंदाचं पाणी ओढत नाही. मग कारागीर पंखा थेट जोडावर लावतो. वरचा पापुद्रा वाळतो, आतलं पाणी अडकतं, आणि शिकंजा काढला की जोड उघडतो. पंखा खोलीत हवा फिरवायला लावा, जोडावर रोखू नका. शिकंजे उन्हाळ्यात ठेवता त्याच्या दुप्पट वेळ ठेवा. आणि गोंद घट्ट वाटला म्हणून त्यात पाणी घालू नका, घातलेला प्रत्येक थेंब पुन्हा बाहेर काढावा लागतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर काचेच्या तुकड्यावर गोंदाचा पातळ थर ओढा आणि पूर्ण वाळू द्या. थर स्वच्छ पारदर्शक झाला की त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थोड्या वेळाने थेंबाखालचा भाग दुधाळ होतो, नखाने ओरखडाही पडतो. पाणी परत आत शिरून थर फुगला आहे. थेंब वाळला की पारदर्शकपणा बराचसा परत येतो. तुमच्या घरातल्या ओट्याखालच्या कपाटाच्या जोडात दर पावसाळ्यात हेच घडत असतं. तिथे जलरोधक प्रकारचा गोंद वापरा, युरोपीय वर्गवारीत डी-३ किंवा त्यावरचा. आणि प्लायही युरिया फॉर्मल्डिहाइडची एमआर न घेता फिनॉलिक राळेची, आयएस ७१० ची घ्या. युरियाचा बंध उष्णता आणि ओलावा एकत्र आले की हळूहळू तुटतो.

मे महिन्यातली गोष्ट वेगळी. कोरड्या पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचं काच-संक्रमण तापमान ३० ते ४० अंशांच्या दरम्यान असतं. त्याच्या वर गेलं की कडक थर रबरासारखा होतो. पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर पुस्तकांनी भरलेला शेल्फ निव्वळ गोंदावर उभा असेल तर जोड तुटत नाही, सरकत जातो. सतत भार असलेल्या ठिकाणी स्क्रू किंवा खाचेचा जोड द्या.

सनमायका लावण्याचं रबर सोल्युशन हा पावसाळ्यातला सगळ्यात फसवा प्रकार. त्यातला द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि थर आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार पडतो. ३० अंशांवर ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या जवळ असतो. म्हणजे थर तीन अंश गार झाला की त्यावर सूक्ष्म दव बसतं. १९९४ साली स्ट्रासबुर्गच्या विडाव्स्की, राविझो आणि फ्रांस्वा या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ओल्या हवेत वाळणाऱ्या पॉलिमर द्रावणावर असे थेंब ओळीने बसतात आणि उडून गेल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रं मागे ठेवतात. त्यांनी ती रचना नेमक्या पॉलिमरने सुबक घडवली. तुमच्या प्लायवर ती वेडीवाकडी येते, पण तत्त्व तेच: गोंदाच्या दोन थरांमध्ये पाण्याचा पडदा.

दवबिंदू काढायला एक सोपी रीत आहे. १०० मधून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला ५ ने भागा, आणि तो आकडा हवेच्या तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना ही रीत कामापुरती बरोबर येते. प्लायचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असेल तरच रबर सोल्युशन लावा. नसेल तर दुपारपर्यंत थांबा, खिडक्या उघडा, प्लाय आणि सनमायका आदल्या दिवशीपासून त्याच खोलीत ठेवा. थर चमकण्याऐवजी धुरकट दिसला तर जोडू नका. तो पुन्हा स्वच्छ होईपर्यंत थांबा, वर एक पातळ हात द्या, मग जोडा. गॅसची ज्योत जवळ नेऊ नका, द्रावक पेट घेतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फेविक्विकसारख्या गोंदाला घट्ट व्हायला पृष्ठभागावरचा ओलावाच लागतो. फार दमट हवेत तो इतक्या लवकर धरतो की जागा नीट बसवता येत नाही, आणि आजूबाजूला पांढरी झाक येते. नळी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरून ती तिथेच घट्ट होते. सिलिकॉनही हवेतल्या ओलाव्यावर बाहेरून आत घट्ट होत जातो, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून जाड पट्टा भरला तर संध्याकाळी पाणी सोडू नका. इपॉक्सीचं उलट: दमट हवेत त्याच्या पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांच्याशी हार्डनरमधल्या अमाइनचा संयोग होऊन तेलकट, मेणचट थर येतो. दुसरा हात देण्याआधी तो कोमट पाण्याने धुवा आणि वाळवा. त्यावरच दुसरा हात दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो.

एक साधा थर्मो-हायग्रोमीटर घ्या आणि तो जिथे माल आहे तिथे, थप्पीच्या उंचीवर लटकवा. ऑफिसच्या एसीखाली लावलेला मापक गोडाऊनबद्दल काहीच सांगत नाही. सकाळी शेड उघडताना आणि दुपारी तीनला असे दोन आकडे वहीत लिहा. शेजारी त्या दिवशी उघडलेल्या टेपचा किंवा गोंदाचा बॅच क्रमांक. नवा लॉट आला की फिल्मचा किंवा टेपचा हातभर पट्टा जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर लावून तारीख टाका आणि तो तुकडा मालाबरोबरच ठेवा, सावलीत एक, शेडच्या तोंडाशी एक. दर महिन्याला दोन्हींची बोटभर पट्टी ओढून बघा. तोंडाशी ठेवलेला तुकडा डाग सोडू लागला की त्या बाजूचा सगळा माल आधी विकायला काढा.